भिंतीवर न मावलेला मुलूख

जेल रोडवरच्या किशोर बोरस्तेच्या सायबर कॅफेतून बोलावणं आलं तेव्हा गेणू पेंटरला वाटलं, पाटी रंगवायची असेल. २००४ साल होतं. नाशकात फ्लेक्सची मशिनं येऊन बसली होती. दुकानांच्या पाट्या, उमेदवारांचे चेहरे, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं तासाभरात छापून निघत होतं. पंचवीस वर्षं ब्रश धरलेल्या गेणू पगारेच्या वाट्याला आता 'गेटसमोर गाडी लावू नये' एवढंच साहित्य उरलं होतं. त्यामुळे तो डबे-ब्रश घेऊनच गेला.

किशोरने त्याला आतल्या खोलीत नेलं. तिथे नऊ कॉम्प्युटर होते आणि समोर बारा फूट लांबीची कोरी भिंत.

"गेणूभाऊ, ह्या भिंतीवर जगाचा नकाशा पाहिजे."

"काढू की. घरी ॲटलास हाय माझ्याकडं."

"ह्या जगाचा नाही," किशोर म्हणाला. "त्या." आणि त्याने कॉम्प्युटरकडे बोट केलं.

पडद्यावर एक भालेवाला माणूस घोड्यावर बसून जंगलातून चालला होता. तो 'थॉर्नवेल' नावाचा खेळ होता. त्यात राजे, जादूगार आणि ड्रॅगन होते. देशोदेशीची हजारो माणसं एकाच वेळी त्यात शिरायची, एकमेकांशी बोलायची, लढायची. कॅफेतली सगळी कॉलेजची पोरं तेच खेळायची आणि सारखी वाट चुकायची. म्हणून किशोरला भिंतीवर मोठा नकाशा हवा होता.

"मूळ नकाशा द्या, चौकटी आखून मोठा करतो," गेणू म्हणाला. शाळांच्या भिंतींवरचे भारत त्याने असेच काढले होते.

इथेच पहिली अडचण आली. मूळ नकाशा नव्हताच. खेळात जो नकाशा दिसायचा त्यात फक्त तुम्ही चालून गेलेला भागच उघडायचा, बाकी सगळं धुकं. एकाच्या नकाशात डोंगर होता, दुसऱ्याच्या नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. गेणूने दोघांचे पडदे शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, "ह्यातलं खरं कोणचं?"

"दोन्ही," पोरं म्हणाली.

शेवटी निकिता मदतीला आली. निकिता कारे के. के. वाघला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि थॉर्नवेलचा कानाकोपरा तिने पायाखाली घातला होता. तिच्या नकाशात धुकं औषधालाही नव्हतं. ती कॉलेज सुटलं की यायची, खुर्ची उलटी करून बसायची आणि सांगायची. गेणू स्टुलावर उभा राहून काढायचा.

"ह्या गावापासून त्या किल्ल्यापर्यंत किती मैल, ताई?"

"घोड्यावर चार मिनिटं."

"अन् पायी?"

"अकरा. पण वाटेत लांडगे आहेत, मग जास्त."

गेणूने आयुष्यात मिनिटांच्या मापाने नकाशा काढला नव्हता. पण त्याने सूत मारलं, चौकटी आखल्या, एक चौकट म्हणजे दोन मिनिटं असं धरलं आणि कामाला लागला. सव्वीस दिवस लागले. नावं त्याने मराठीतच लिहिली, चांगली वळणदार, सावली टाकून: ओल्डफेरी, ग्रेस्टोन, काळं अरण्य. पूर्वेला जमीन संपत होती. तिथे त्याने समुद्र काढला.

"पुढं समुद्रच ना?" त्याने तीनदा विचारून घेतलं.

"समुद्रच, काका. पोहत गेलं तर माणूस दमून मरतो. मी मरून बघितलंय."

मग गेणूने मन लावून लाटा काढल्या, एक शिडाचं गलबत काढलं आणि बरोबर दाराच्या चौकटीपाशी सोनेरी पट्टी ओढून जग संपवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गेणूला घरी जाताना कसंसंच वाटत होतं. एवढं चांगलं काम हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं आणि ते कशाचं होतं हे बायकोला सांगता येत नव्हतं.

"कोणाचा नकाशा काढला म्हणता?" चांगुणाने विचारलं.

"हाय एक मुलूख. पण नाय तो कुठंच."

चांगुणाने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ताट वाढायला घेतलं.

दीड वर्षाने किशोरचा पुन्हा निरोप आला. "गेणूभाऊ, जमीन वाढलीय."

गेणू गेला तर कॅफेत नुसता कल्ला. खेळाच्या कंपनीने जोडभाग काढला होता. पोरं त्याला 'एक्स्पान्शन' म्हणत होती. त्याची सीडी किशोरने मुंबईहून मागवली होती. ती कॉम्प्युटरमध्ये घातली की पूर्वेच्या समुद्रापलीकडे आख्खा नवा खंड दिसत होता. बर्फाचे डोंगर, नवी शहरं, नव्या जातीची माणसं.

गेणू भिंतीजवळ जाऊन आपल्या समुद्राकडे बघत राहिला. "ताई, तुम्ही तर म्हणला होता समुद्रच हाय."

"तेव्हा समुद्रच होता, काका."

"मग आता जमीन आली? का आधीपासून होती अन् दिसत नव्हती?"

निकिता म्हणाली, "होती. आम्हाला जाता येत नव्हतं."

"होती कुठली," किशोर मध्ये पडला. "कंपनीनं आता बनवलीय. आधी काही नव्हतंच."

"पण तिथले लोक सांगतात की ते तीन हजार वर्षांपासून राहतायत," निकिता म्हणाली. "त्यांची थडगी आहेत, पडके किल्ले आहेत."

"अहो, ते पडकेच बांधलेत!"

गेणूने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तिसरंही एक होतं. ज्यांनी जोडभाग घेतला नव्हता त्यांच्यासाठी समुद्र अजून समुद्रच होता. एक पोरगा धक्क्यावर उभा राहून गलबतात चढायला बघत होता आणि त्याला पाटी दिसत होती, 'आपणांस हा प्रवास खुला नाही.' म्हणजे एकाच धक्क्यावर दोघं उभे, एकाला पलीकडे खंड, दुसऱ्याला पाणी.

"मग मी कोणाच्या डोळ्यानं काढू?" गेणूने विचारलं.

शिवाय भिंत संपली होती. पूर्वेला दार होतं. खूप खल झाल्यावर नवा खंड दारावरच काढायचं ठरलं. आठ दिवसांत त्याने दारावर बर्फाचे डोंगर उभे केले. पण दार आत उघडायचं. कोणी आलं-गेलं की खंड भिंतीपासून सुटायचा, फिरायचा आणि कपाटाला जाऊन भिडायचा. पोरं हसायची. गेणूला मात्र ते बघवायचं नाही. तो चहा पितानासुद्धा उठून दार लावून यायचा.

त्या आठ दिवसांतच निकिताने त्याला खेळात बसवलं. "काका, सांगून किती सांगणार? स्वतः बघून या." तिने त्याला एक माणूस करून दिला. नाव विचारल्यावर तो म्हणाला, "गेणूच लिहा. दुसरं नाव घेऊन फिरू कशाला?"

सुरुवातीला गेणू तळ्यातच पडायचा. बाण कुठला दाबायचा, मान कशी वळवायची, काही कळेना. पण महिनाभरात त्याला चालता यायला लागलं. लढाई त्याने कधी केली नाही. दुपारी किशोरच्या कॅफेत गिऱ्हाईक नसे. भारनियमनाची वेळ टळली की गेणू येऊन बसायचा आणि आपण काढलेल्या रस्त्यांनी चालत सुटायचा. भिंतीकडे बघायचा, पडद्याकडे बघायचा, मग उठून एखादी वाट बोटभर सरकवायचा.

त्याला सगळ्यात आवडायचं ओल्डफेरी. तळ्याकाठचं वीस घरांचं गाव. तिथे धक्क्यावर एक म्हातारी होडी घेऊन उभी असायची. खेळणाऱ्यांपैकी कोणी नव्हे, खेळातलीच बाई. तिच्याजवळ गेलं की ती इंग्रजीत एकच वाक्य बोलायची. निकिताने अर्थ सांगितला, "आज होडी सुटणार नाही, वारा फिरलाय."

"कधी सुटते मग?"

"कधीच नाही, काका. तिला तेवढंच बोलायला शिकवलंय."

तरी गेणू रोज तिच्याजवळ जाऊन यायचा. इतक्या लांबून आल्यावर ओळखीच्या माणसाला न भेटता कसं परतायचं?

२००७च्या दिवाळीनंतर कंपनीने दुसरा जोडभाग सोडला. ह्या वेळी नवी जमीन नव्हती. जुनीच बदलली होती. भूकंप झाला असं कथानक होतं. डोंगर दुभंगला, नदी वळली आणि ओल्डफेरी पाण्याखाली गेलं. गेणूला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो दुपारी नेहमीसारखा बसला, टेकडी उतरला आणि समोर पाणीच पाणी. देवळाचं टोक तेवढं वर.

"किशोरशेठ, तुमचं मशीन बिघडलं बघा!" तो ओरडला.

मशीन बिघडलं नव्हतं. संध्याकाळी निकिता आल्यावर तिने सगळं समजावलं. गेणू ऐकत होता, पण त्याला दुसरंच काही विचारायचं होतं. "अन् ती बाई?"

निकिताने शोधलं. टेकडीच्या मागे ओसाड माळावर राहुट्या पडल्या होत्या. गावचे लोक तिथे आणून ठेवले होते. होडीवाली त्यांतच उभी होती. आसपास पाण्याचा टिपूस नव्हता. गेणू जवळ गेला तर म्हणाली, "आज होडी सुटणार नाही, वारा फिरलाय."

कॅफेत कोणीतरी फिस्सकन हसलं. गेणूला हसूही येईना आणि रडू यावं असं त्यात काय आहे तेही कळेना. रंगाने आणि विजेने केलेली बाई. तिला ना भूक ना थंडी. तरी घरी आल्यावर त्याला भाकरी गोड लागेना. चांगुणाने खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगून टाकलं.

ती चुलीपुढून उठलीच नाही. एवढंच म्हणाली, "मग तिला कोणी सांगितलं नाय का, गाव बुडालं म्हणून?"

"नाय वाटतं."

"सांगायला पाहिजे होतं."

तीही आता आपल्यासारखीच गोंधळली हे बघून गेणूला जरा बरं वाटलं.

पुढे प्रश्न भिंतीचा. निकिता म्हणाली, "काका, ओल्डफेरी पुसून टाका. नवीन मुलं शोधत बसतात." किशोरला ते पटेना. एवढं सुंदर अक्षर पुसायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दोघांची जुंपली. गेणू मध्ये स्टुलावर बसून राहिला. पुसावं तर आपण तिथे फिरलो ते खोटं होतं, ठेवावं तर नकाशा खोटा होतो. तीन दिवस तो नुसता येऊन भिंतीकडे बघून जात होता.

चौथ्या दिवशी त्याने निळा रंग घेतला, टर्पेन्टाइन घालून पाण्यासारखा पातळ केला आणि त्या वीस घरांवरून एक हात फिरवला. मग वाळू दिला आणि अजून एक. नवं तळं झालं, आणि तळाशी घरं, वाट, धक्का आणि 'ओल्डफेरी' ही अक्षरं पुसट दिसत राहिली. निकिता आली आणि बराच वेळ भिंतीपुढे उभी राहिली.

"हे बरोबर आहे की चूक, काका?"

"मला नाय माहीत," गेणू म्हणाला. "तुम्हीच सांगा."



कॅफे २००९ साली बंद झाला. घरोघरी इंटरनेट आलं, पोरं आपापल्या खोलीत बसून खेळू लागली. किशोरने तिथे मोबाईलचं दुकान काढलं आणि भिंतीवर प्लायवूड ठोकून त्यावर कव्हरं टांगली. दार काढून काचेचं बसवलं. त्या दाराचं काय झालं ते गेणूने विचारलं नाही. निकिताला हैदराबादला नोकरी लागली होती.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. "काका, तिसरा जोडभाग आलाय. ह्या वेळी खाली."

"खाली म्हणजे दक्षिणेला?"

"नाही हो, खाली. जमिनीच्या पोटात. तेवढाच मोठा मुलूख, बरोबर पायाखाली."

गेणूने फोन ठेवला आणि अंगणात येऊन बसला. डोंगराच्या मागे डोंगर दाखवता येतो. पण डोंगराच्या खाली दुसरा डोंगर कसा दाखवायचा? त्याने निकिताला पुन्हा फोन लावून दोन तास विचारलं, चांगुणाकडून पोळ्यांच्या डब्यातले दोन बटर पेपर मागून घेतले, एकावर वरचा मुलूख आठवून काढला, दुसऱ्यावर खालचा. एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. नद्या आणि भुयारं एकमेकांत अशी गुंतली की काही कळेना. त्याने जागा जुळवल्या, पुन्हा काढले, पुन्हा धरले. पंधरा दिवस हे चाललं होतं.

मग दोन्ही कागद टाचणीने जोडून त्याने पोस्टाने हैदराबादला पाठवले.

आठवड्याने निकिताचा आवाज फोनवर आनंदाने फुटत होता. ऑफिसात तिने ते टेबलासमोर लावले होते, लोक येऊन बघत होते.

"बरोबर हाय का पण?" गेणूने विचारलं.

"एकदम बरोबर, काका. फक्त..."

"फक्त काय?"

"बुधवारी कंपनी काहीतरी बदलणार आहे म्हणे. काय ते अजून कोणालाच माहीत नाही."

गेणूने कोऱ्या बटर पेपरसाठी चांगुणाला खूण केली. मग म्हणाला, "थांबा ताई, पेन्सिल घेतो. बुधवार म्हणालात ना?"