परतीचं तिकीट

कुवेतच्या शर्क भागातलं आमचं क्लिनिक बंद पडलं, तेव्हा लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी कुवेती मैत्रीण. दोघींची नोकरी एकाच सकाळी गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "चल, बेकारी भत्त्यासाठी नाव नोंदवून येऊ. दोघी मिळूनच जाऊ."

तो भत्ता फक्त कुवेती नागरिकांना मिळतो, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. फोनवर समजावत बसायचा कंटाळा आला, आणि हवल्लीतल्या माझ्या घरात बसवतही नव्हतं, म्हणून गेले. आपल्या लोकांची खोड, पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो पर्समध्ये घातलेच, लागणार नव्हते तरी.

कचेरीच्या खिडकीतल्या माणसाने तिचं काम केलं. माझं सिव्हिल आयडी कार्ड मात्र पाहिलं आणि हळूच परत सरकवलं. "हे कुवेतींसाठीच आहे, सिस्टर." तीच त्याच्यावर उखडली. "आम्ही एकाच टेबलावर काम केलंय!" हात धरून तिला बाहेर आणावं लागलं.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "मग नोकरी गेली की तुम्हाला काय देतात?"

"हिशेब चुकता करतात आणि परतीचं तिकीट देतात."

तिचा चेहरा खुलला. बिचारीला माझ्यासाठी मनापासून बरं वाटलं होतं. "म्हणजे तुला घरी जायला मिळणार!"

गाडी सुरू करत तिने विचारलं, "आता कुठे सोडू?"

"घरी," मी म्हटलं.

तिने न विचारता गाडी हवल्लीकडे वळवली.