पर्शाशेठचे सिमला

माझे संपूर्ण नाव नारायण गेनू केदारी, वय सत्त्याहत्तर. देहूरोडच्या डेपोत नोकरी केली. वनस्पतिशास्त्र मात्र स्वतः वाचून शिकलो. दर रविवारी भिकूआबा, शांतामावशी आणि मी कुसगावच्या डोंगरावर झाडे पाहत हिंडतो. अशा हिंडण्यात किस्से पाचोळ्यासारखे साचतात. आमच्या पाचोळ्यात निम्मी पाने एकट्या पर्शाशेठची!

*

पर्शाशेठ हा आबांचा पुतण्या, हॉटेलमालक. हिमाचलला जाऊन आला आणि म्हणाला, "हॉटेलमागचा उतार साफ करून पाइन लावणार. पाइनचं जंगल एकदम क्लीन! खाली गवतसुद्धा नाही!"

पर्वतावरील पाइनखालीही नेचे, अळंबी, रानस्ट्रॉबेरी आणि नाना झुडपे नांदतात, हे मी त्यास सविस्तर सांगितले.

"पर्शा," आबा म्हणाले, "तू जंगल गाडीच्या काचंतनं बगितलं आसशील."

*

नमुन्यादाखल काही रोपे हॉटेलच्या दारात लागली. श्रावणापर्यंत त्यांची मुळे कुजू लागली. शेठने प्रत्येक रोपावर हॉटेलची रंगीत छत्री बांधली!

शांतामावशी निवृत्त नर्स. त्यांनी सगळा वॉर्ड तपासला.

"छत्री दिलीस, बरं केलंस. आता सलाईन लाव!"

*

एक पाहुणी सिल्व्हर ओकला टेकून उद्गारली, "वॉव, पाइन!"

हा वृक्ष पाइन नव्हे, आणि खरे पाहता ओकही नव्हे, हे मी तिच्या निदर्शनास आणले.

"अंकल, फोटोत चालतं!"

शेठने तोच फोटो 'मिनी सिमला' म्हणून जाहिरातीत टाकला.

*

त्या उतारावर हिरडा आहे, अंजनी आहे, रानहळद आहे. मुख्य म्हणजे कारवी आहे. ती सात वर्षांतून एकदाच फुलते, आणि पुढचे वर्ष तिचे होते. शेठला त्या 'वाळक्या काटक्या' वाटत.

तेथेच बसून मी मंडळींना समजावले, की पाइन हा अनावृतबीजी वर्गातला. त्याला शंकू येतात, फूल कधीच येत नाही. आबा तोंडावर टोपी घेऊन घोरत होते.

"भाऊ," मावशी म्हणाल्या, "तुम्ही ऑपरेशन थिएटरला हवे होता. भुलीचं इंजेक्शन वाचलं असतं!"

*

पुढच्याच रविवारी उताराच्या पायथ्याशी जेसीबी उभा! परंतु वाघजाईचा कौल घेतल्याविना शेठ जमीन उकरत नाही. देवीच्या ओल्या पाषाणाला फूल चिकटवायचे. उजवीकडे पडले, तर होकार. पूजेचा मान आबांचा.

शेठने झेंडू पुढे केला. आबांनी तो परत दिला.

"झेंडूची बाग करतुयास व्हय? जे झाड लावायचं, त्येचंच फूल लागतं देवीला. पाइनचं आण."

शेठ माझ्याकडे वळला. "भाऊ, पाइनला फूल कधी येतं?"

"कधीच येत नाही."

शेठ धावत गेला आणि रिसेप्शनवरचा शोभेचा शंकू घेऊन आला. तो त्याने ओल्या कुंकवाने देवीच्या कपाळी दाबून बसवला. शंकू ना उजवीकडे पडला, ना डावीकडे. थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर!

"आई गं!"

"बोलली देवी," आबा म्हणाले.

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केले.

उतरताना मी विचारले, "आबा, ही प्रथा माझ्या वाचनात कोठेही आलेली नाही. केव्हापासूनची?"

"मागल्या रविवारपासनं."

जेसीबी परत गेला. उतार होता तसाच राहिला, आणि पुढच्या वर्षी कारवी फुलली.