वरच्या आळीचा मंगोलियन पैलवान

ओतगोनबिलेगचे वडील लुवसानदाग्वा पैलवान होते. तालुक्याच्या मैदानात त्यांनी 'हत्ती' हा किताब मिळवला होता, आणि मंगोलियातल्या त्सेत्सेरलेगच्या बाजारात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, हत्तीच म्हणत. थोरले तिन्ही मुलगे बापाच्या वळणावर गेले. आखूड मान, दारात अडकतील असे खांदे. चौथा ओतगोन मात्र आईच्या अंगकाठीचा निघाला. लहानपणी एकदा बापानं त्याला पोरांच्या कुस्त्यांत उतरवलं होतं. समोरच्या पोरानं त्याला असं उचलून आपटलं की ओतगोन उठला तो थेट घोड्यावर बसून घरी आला. बाप रागावला नाही. पुन्हा कधी 'मैदानात ये' म्हणाला नाही, एवढंच. आणि तेच पोराला जास्त लागलं.

पुढे तो शिकायला उलानबातरला गेला. तिथं मॉर्मन चर्चवाले संध्याकाळी फुकट इंग्रजी शिकवायचे. हा गेला इंग्रजीसाठी आणि रमला त्या माणसांत. बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यात चालत नाही म्हणून चहा सोडला, आणि विशी उलटताच दोन वर्षांच्या सेवेसाठी नाव दिलं. नेमणूक आली जपानची.

"पगार किती?" वडिलांनी विचारलं.

"पगार नसतो, बाबा."

"त्या लोकांनी बोलावलंय तुला?"

"नाही."

"मग जातोस कशाला?"

"देवाबद्दल सांगायला."

"त्यांच्याकडे देव नाहीत?"

"आहेत. पुष्कळ आहेत."

लुवसानदाग्वांनी मोठ्या मुलाकडे पाहिलं. "याला आपटलं तेव्हा डोक्यावर पडला होता का रे?" म्हणाले, आणि घोड्याला पाणी दाखवायला निघून गेले. जीप निघाली तेव्हा आईनं रिवाजाप्रमाणे मागून दूध शिंपडलं. वडील तेव्हाही घोड्याजवळच होते.

त्याला आधी सेंदाईत जपानी घटवून घ्यायला लावलं आणि मग पाठवलं उत्तरेला, त्सुगारूत, इवाकी डोंगराच्या पायथ्याच्या एका सफरचंदांच्या गावी. जोडीला मिळाला व्हेटन, अ‍ॅरिझोनाचा. सव्वासहा फूट उंच, वजनाला बैल, स्वभावाला गाय. शाळेच्या बँडमध्ये तो सगळ्यांत मोठी तुतारी वाजवायचा, कारण ती दुसऱ्या कुणाला उचलत नसे. पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी, आणि दोन सायकली. ओतगोन घोड्यावर जन्मला म्हटलं तरी चालेल, पण सायकल त्याला कधी वश झाली नाही. वळणावर तो अजूनही नकळत गुडघ्यांनी दाबून तिला इशारा करायचा आणि गटारात जायचा.

गावातली दारं 'चर्चमधून आलोय' म्हणताच सौजन्यानं बंद व्हायची. पण ओतगोनच्या पाटीवरचं नाव वाचून कुणी 'कुठला रे तू?' विचारलं आणि त्यानं 'मंगोलियाचा' म्हटलं, की तेच दार सताड उघडायचं. त्या वर्षांत सुमोच्या आखाड्यात मंगोलियन पैलवानांची चलती होती, आणि त्सुगारू म्हणजे सुमोवर जीव टाकणारा मुलूख.

"सुमो खेळतोस?"

"नाही हो."

"मग कुस्ती तरी?"

"नाही. मला येत नाही."

"वा! काय विनय आहे पोरात!"

शेजारी व्हेटन भिंतीसारखा उभा असायचा. त्याला कुणी विचारायचं नाही.

घोटाळा झाला तो भाषेमुळे. ओतगोन शिकला होता पुस्तकी जपानी. त्सुगारूतली माणसं थंडीच्या दिवसांत तोंड उघडायला नको म्हणून अख्खं वाक्य दोन अक्षरांत उरकतात, आणि उन्हाळ्यातही ती सवय जात नाही. वरच्या आळीच्या मंडळाचे अध्यक्ष इचिनोहेकाका सफरचंदाच्या बागेत शिडीवर चढून पानं खुडत होते. फळाला ऊन लागावं म्हणून आजूबाजूची पानं काढतात, ते काम. हे दोघं मदतीला गेले. काका शिडीवरून काहीतरी बोलले. ओतगोनला 'सप्टेंबर', 'शनिवार' आणि 'येशील ना?' एवढंच कळलं.

"हो हो!" तो म्हणाला.

काकांनी पुन्हा विचारलं, जरा लांबवून. त्यात 'खालची आळी' आणि 'जोर' हे शब्द होते.

"हो, नक्की!"

"काय म्हणाले?" व्हेटननं विचारलं.

"पेट्या उचलायच्या आहेत बहुतेक. जोर लागेल म्हणाले."

चार दिवसांनी मंडळाच्या फळ्यावर जत्रेचा कागद लागला. वरची आळी विरुद्ध खालची आळी, सुमोचा सामना. शेवटच्या मानाच्या कुस्तीला खालच्या आळीकडून मिठाईवाले मिकामी, आणि वरच्या आळीकडून, मोठ्या ठसठशीत अक्षरांत : 'मंगोलियाचा वाघ, ओतगोन.'

व्हेटननं अक्षर अक्षर जुळवून ते वाचलं आणि सायकलच्या दांड्यावर डोकं टेकून हसत सुटला.

ओतगोन तडक काकांच्या घरी गेला. "काका, चूक झाली. मला खरंच येत नाही."

काकांनी बायकोकडे पाहून डोळे मिचकावले. "ऐकलंस? अजून तेच."

"काका, शपथ घेऊन सांगतो."

"बरं बरं, नाही येत. आम्ही कुणाला सांगणार नाही." मग काका पुढं झुकून हळू आवाजात म्हणाले, "मिकामीनं गेली कित्येक वर्षं आम्हाला माती चारलीय रे पोरा. दुकानात गेलं की मिठाई बांधता बांधता हसतो. मी आता मिठाई पलीकडच्या गावाहून आणतो."

एवढ्यात काकू आतून सुमोचा जाड पांढरा पट्टा घेऊन आल्या. काकांच्या थोरल्या भावाचा होता. धुऊन, वाळवून, तुझ्या कमरेला बसावा म्हणून कापून नीट केलाय, म्हणाल्या. आता कापलेला पट्टा परत कसा करायचा? ओतगोननं तो घेतला.

एकच आशा उरली होती. मिशनचे नियम. चर्चचं काम सोडून लंगोट लावून झुंजायला सेंदाईचे मिशन-अध्यक्ष थोडीच परवानगी देणार! त्यानं मोठ्या उमेदीनं फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता.

"रविवारी नाही ना?" अध्यक्षांनी हसू आवरत विचारलं.

"शनिवारी आहे. पण तुम्ही नको म्हणालात तर..."

"मी कशाला नको म्हणू? जा. फक्त पट्ट्याखाली शर्ट आणि चड्डी घाल. आणि कसं झालं ते कळव. मला आधी कळव."

मग सराव सुरू झाला. काका शिकवायला तयार नव्हते. 'आमचं काही शिकवून तुझे मंगोलियन डाव कशाला बिघडवू?' असं त्यांचं म्हणणं. राहिला व्हेटन. सोमवारच्या सुट्टीत दोघांनी खोलीतली टेबलं भिंतीला लावली आणि ओतगोन त्याच्यावर धावून गेला. व्हेटन हललाच नाही. दुसऱ्या खेपेला व्हेटननं नुसता हात पुढं केला, आणि ओतगोन सरकत्या कागदी दारातून पलीकडच्या खोलीत पोचला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी झाडूच्या दांड्यानं छत वाजवलं.

"प्रार्थना करू या का?" व्हेटन म्हणाला.

"काय मागायचं?"

"लागू नये फार."

शनिवारी शाळेच्या मैदानावर सगळं गाव लोटलं. मधोमध मातीचा ओटा, त्यावर दोरखंडाचं कडं. पोरांच्या कुस्त्या झाल्या, मग शाळेतल्या मुलींच्या, मग आळीतल्या तरण्यांच्या. गुण बरोबरीत आले, तसं इचिनोहेकाकांना बसवेना. शेवटची कुस्ती पुकारली.

मिकामी साठीला टेकलेले, बुटके, आणि समोर चुलीवरच्या मोठ्या पातेल्यासारखं पोट. अंगाला भाजलेल्या डाळीच्या पिठाचा गोड वास. ओतगोन पट्ट्यात असा दिसत होता की जणू पट्ट्यालाच हात-पाय फुटलेत. पण लोक म्हणत होते, 'बघा, बारीक आहे म्हणजे चपळ असणार.'

ओतगोनला काय करावं ते सुचेना, तेव्हा अंगानं आपोआप तेच केलं जे बापाला करताना हजारदा पाहिलं होतं. त्यानं दोन्ही हात पसरले आणि गरुडासारखा संथ डुलत ओट्यावर एक फेरी घातली. मंगोलियात पैलवान कुस्तीआधी असंच नाचतात. मैदानात एकच गलका उठला. मिकामींच्या कपाळावर पहिल्यांदा घाम दिसला.

पंचानं इशारा केला. ओतगोननं मुंडी खाली घातली आणि झेपावला. पुढचं त्याला नीट आठवत नाही. काहीतरी मऊ आणि अफाट अंगावर आलं, पायांखालची माती गेली, आणि पुढच्या क्षणी तो कड्याबाहेर, पहिल्या रांगेत, इचिनोहेकाकूंच्या मांडीवर बसलेला होता. काकूंच्या हातातला सफरचंदाच्या रसाचा पेला तेवढा वाचला.

"झालं?" कुणीतरी विचारलं.

ओतगोन उठला, माती झटकली, पुन्हा ओट्यावर चढला. मिकामींनी वाकून नमस्कार केला. पण हा नमस्कार करून थांबला नाही. त्यानं मिकामींचा उजवा हात धरून वर उचलला आणि मान वाकवून त्याखालून पलीकडे गेला.

मिकामींना वाटलं हा कुठला तरी नवा डाव आहे. ते हात तसाच वर ठेवून ताठ उभे राहिले. "हे काय केलंस?"

"आमच्याकडे हरलेला जिंकलेल्याच्या हाताखालून जातो," ओतगोन म्हणाला. घाबरल्यामुळे तो सावकाश, पुस्तकी आणि मोठ्यानं बोलला, म्हणून मैदानभर ऐकू गेलं. "म्हणजे तुम्ही मोठे, हे मी मान्य केलं. मग मनात काही ठेवायचं नसतं."

मिकामींचा हात अजून वरच होता. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ जणांना ओट्याबाहेर ढकललं होतं. असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पट्ट्यातला हातरुमाल काढून तोंड पुसलं, घाम तोंडावर होता त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. मग इचिनोहेकाकांना हाक मारली, "अध्यक्ष! असा पोरगा आणलात, आधी सांगायचं तरी! लाज वाटली ना मला."

काका ओतगोनजवळ आले. "तू म्हणाला होतास तुला कुस्ती येत नाही."

"कितीतरी वेळा म्हणालो, काका."

"हो. पण इतकी येत नाही असं नव्हतास म्हणाला!"

आणि मग काका जे हसले ते त्यांना काकूंनी पाठीत थोपटेपर्यंत. दोन्ही आळ्यांचं जेवण त्या रात्री एकत्र झालं. हरलेल्या वाघाला मोठ्यांनी ओतलेली साके, म्हणजे तांदळाची दारू, चर्चमुळे चालत नव्हती, तेव्हा त्याच्यासमोर सफरचंदाच्या रसाच्या बाटल्यांची रांग लागली, आणि प्रत्येक बाटलीमागं एकजण नवी ओळख करून घ्यायला बसला.

त्यानंतर शाळेतली पोरं रस्त्यात एकमेकांच्या हाताखालून जाऊ लागली. दारं उघडू लागली. धर्माचं ऐकायला फारसं कुणी नाही, पण पोराला मुळ्याचं लोणचं द्यायला, व्हेटनला जुने मोठे बूट द्यायला. एका रविवारी मिकामी मिठाईची पेटी घेऊन चर्चमध्ये आले. 'तो माझ्या मैदानात आला, मी त्याच्या जायला नको?' असं त्यांनी दारातच सांगितलं. प्रवचनाला गाढ झोपले, गाणी मात्र खणखणीत म्हणाले, चाल माहीत नसतानाही. चर्चचे ते कधीच झाले नाहीत. पण महिन्यातून एक रविवार त्यांनी चुकवला नाही, आणि इचिनोहेकाका पुन्हा त्यांच्याच दुकानातून मिठाई आणू लागले.

नाताळला सेवेतल्या मुलांना घरी फोन करायची मुभा असते. थोरल्या भावाच्या मोबाइलवर सगळं घर गोळा झालं होतं. आई जेवणाचं विचारून रडली, भावांनी बर्फाचं विचारलं. शेवटी वडिलांनी फोन घेतला.

"बाबा, मी कुस्ती केली," ओतगोननं एकदम सांगून टाकलं.

"कुस्ती? तू? कुणाशी?"

"एका मिठाईवाल्याशी."

"जिंकलास?"

"नाही. लगेच हरलो. साठीचे आहेत ते."

"आधी गरुडाचा नाच केलास?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"हात कोपरात वाकले नव्हते ना?"

"नाही बाबा. तुमच्यासारखे पसरले होते."

"आणि नंतर हाताखालून गेलास?"

"गेलो."

"मग बरोबर केलंस सगळं," वडील म्हणाले. "मधलं तेवढं राहिलं." आणि हत्ती असा गडगडून हसला की मागं आई 'काय झालं, काय झालं' विचारत राहिली. मग ते म्हणाले, "त्या मिठाईवाल्याला माझा नमस्कार सांग. आणि खात जा नीट."

तीनच महिन्यांत ओतगोनची बदली आली. बर्फ वितळत होता, सफरचंदाच्या झाडांची छाटणी चालू होती. स्टेशनवर काकू डबा घेऊन आल्या, मिकामी पेटी घेऊन आले. गाडी यायला वेळ होता, तेव्हा इचिनोहेकाकांनी व्हेटनला हळूच बाजूला घेतलं.

"तू राहतोयस ना इथं? सप्टेंबरपर्यंत?"

"राहीन बहुतेक," व्हेटन म्हणाला.

काकांनी मागं सरून त्याला पहिल्यांदाच नखशिखान्त न्याहाळलं. खांदे पाहिले, मनगट चाचपलं, काकूंना म्हणाले, "अगं, पट्टा पुन्हा लांब करता येईल का?"

"हो हो," व्हेटन म्हणाला. त्याला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. ओतगोननं ते ऐकलं आणि तोंड उघडलं, पण तेवढ्यात गाडी आली, आणि डबा, पेटी आणि पोतडी सांभाळत तो हसतहसतच आत चढला.