दादाच्या बुटातल्या पाचरी

पोटरी दाबल्यानं माणूस जातो का?

डॉक्टरला विचारलं, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आईला विचारलं, तर ती चुलीकडं वळली. आमच्या कबड्डीच्या पोरांना विचारलं, की ती किस्से सांगायला लागतात. दादाच्या पायाचे किस्से दोन महिन्यांत एवढे साठलेत की एकाला हात घातला, की चार बाहेर पडतात. मग मीही सांगतो.

*

दादा टीमचा कॅप्टन. पारनेरच्या मॅचला चढाईवर गेला, वळला, आणि टाचेमागं ‘फट्’ असा आवाज आला. कुणीतरी मागून लाथ मारली असं त्याला वाटलं. मागं फक्त पंच होते. दादानं त्यांच्याच कानाखाली दिली.

पंच म्हणाले, "मैदानाबाहेर हो."

दादा म्हणाला, "चालता आलं तर जाईन की, साहेब."

*

नगरच्या डॉक्टरनी त्याला पालथं झोपवलं आणि पोटऱ्या दाबल्या. चांगल्या पायाचा पंजा हलला, दुसरा ढिम्म. टाचेची मोठी शीर तुटली होती.

मला ती युक्ती लई आवडली. दुसऱ्या दिवशी दूध डेअरीवर मी दिसेल त्याची पोटरी दाबली. सरपंचसुद्धा किटल्यांशेजारी पालथे पडले. तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं आठ माणसं पालथी बघितली आणि खाली न उतरताच टेम्पो वळवला.

दादाची पोटरी मी रोज दाबायचो, पंजा हलतोय का बघायला.

"सोड की, ती काय म्हशीची कास हाय?"

दाबायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

डॉक्टरनी गुडघ्यापर्यंतचा बूट दिला; पोटरी दाबायला मी तो रोज सोडायचो. टाचेखाली चार पाचरी. दर दुसऱ्या रविवारी एक काढायची, पट्टे आवळायचे आणि विचारायचं, "ओढ बसते का?" हे काम माझं.

पहिल्यांदा विचारलं, तर दादा कळवळला. "ओढ कसली, पट्ट्यात केस अडकल्यात माझं. सोड, गाढवा."

*

दुसरी पाचर काढली आणि हरवली. ती डेअरीत सापडली. डेअरीवाल्या शकूरभाईंनी डुगडुगणाऱ्या वजनकाट्याखाली लावली होती.

"द्या, भाई. दादाची हाय."

"दोन आठवडे थांब. एकदम काढली तर काटा लंगडंल."

*

चौथी पाचर काढायच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता दादा छातीला हात लावून बसला, तो बसलाच. पायातली रक्ताची गुठळी छातीत गेली, असं डॉक्टर म्हणाले.

सकाळी अंघोळ घालायला त्याला अंगणात घेतलं. चुलते म्हणाले, "बूट काढ."

मी पट्टे सोडले, बूट काढला, पाचर बाहेर घेतली आणि बूट परत चढवला.

"आरं, काढायला सांगितला, घालायला न्हाई."

"आज रविवार हाय, तात्या."

तात्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मी सगळे पट्टे आवळले, केस अडकू न देता. विचारलं, "दादा, ओढ बसते का?"

मग बूट काढला.