टेम्पोतला मुक्काम

सत्तरच्या दशकात सांगलीला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत एक टेम्पोवाला राहायचा, टेम्पोतच. पाचगणीहून बटाटा आणून टाकला की संध्याकाळी मागचा फाळका पाडून त्यावर स्टोव्ह पेटवायचा आणि पिठलं रटरटवायचा. त्या वासाच्या आठवणीनं मला आजही भूक लागते. मी भाजी नेली तर हसून परत करायचा. "ऱ्हाऊ द्या वैनी. जिभंला सवय लागली तर टेम्पोचं कर्ज फिटायचं कवा?"

कर्ज फिटलं, तरी डिपॉझिट साठेपर्यंत तो टेम्पोतच राहिला. मग आमच्या गल्लीत खोली घेऊन त्यानं पलूसला माहेरी राहिलेल्या बायकोला आणलं. सामान काढताना तिनं टेम्पोत वाकून पाहिलं. आत एक वाकळ आणि उशाला पोतं होतं. तिचे डोळे भरले.

"तुमी तर म्हनायचा, खोली हाय."

तो खाली बघत म्हणाला, "हुती की. चाकं हुती तिला, एवढंच."