गिधाडांवर विश्वास असलेले काका

आमच्या ओळखीतल्या एका काकांचा अख्ख्या अमेरिकेत फक्त गिधाडांवर विश्वास होता. माणसांवर अजिबात नाही. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात तिथल्या मॉरिसव्हिल गावाच्या आसपास आम्ही मोजकीच मराठी कुटुंबं होतो, आणि माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले हे विधुर काका सगळ्यांकडे संशयानंच बघायचे. गाडी लॉक केली की तीनदा दार ओढून पाहणार. दुधावरची तारीख वाचली तरी वास घेतल्याशिवाय चहा होऊ देणार नाहीत. एकदा मी केलेली बासुंदी हुंगून म्हणाले, "कंडेन्स्ड मिल्क घातलंयस. कबूल कर!" मी कबूल केलं.

पुढे आम्हीच त्यांच्यावर संशय घ्यायला लागलो. एका शनिवारी आम्ही ड्राइव्ह करत असताना ते हायवेच्या कडेला गाडीखाली येऊन मेलेलं हरीण पाय धरून ओढताना दिसले. हातात रबरी मोजे, गाडीची डिकी सताड उघडी, आत ताडपत्री आणि फावडं. मी हे फक्त एका मैत्रिणीला सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. रविवारी आमचं पॉटलक असे, प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायचा; त्याला काका नेहमीप्रमाणे मटणाचा रस्सा घेऊन आले. कुणी हात लावेना. शेवटी माझ्या नवऱ्यानं चाचरत विचारलं, "काका, मटण... कुठून आणलंत?"

काकांनी एकेकाच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते घरी गेले.

मला आठवडाभर काही सुचेना. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. ते एवढंच म्हणाले, "गाडीत बस."

वाटेत रस्त्यावर रॅकून नावाचं मांजराएवढं जनावर मरून पडलं होतं. काकांनी ते फावड्यानं उचलून लांब गवतात ठेवलं आणि आम्ही गाडीत बसून राहिलो. थोड्या वेळानं लाल डोक्याचं एक गिधाड झाडांवरून डुलत डुलत खाली आलं. "हे वासावर येतं," काका कुजबुजले. "मागून ती काळ्या डोक्याची येतील बघ. त्यांना स्वतःला वास कळत नाही, याच्यावर नजर ठेवून असतात." आणि खरंच आली! "रस्त्यातच खात बसतात गं. पोट जड झालं की पटकन उडता येत नाही, गाड्या उडवतात. म्हणून बाजूला ओढतो. घाबरली की ओकतात. माझ्यावर दोनदा ओकलीत," ते अभिमानानं म्हणाले.

"काका, त्या दिवशी सांगायचं ना!"

"हरणाबद्दल विचारलंत कुठे? तुम्ही तर आधीच ठरवलं होतंत."

पुढच्या पॉटलकला काका येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले, पातेलं घेऊन. सगळ्यांच्या आधी मी वाटी पुढे केली. पहिला घास गिळेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"खारट झालंय ना? ही गेल्यापासून मिठाचा अंदाज येत नाही मला."

"छे! अगदी बेताचं आहे."

रस्सा खारट ढोण होता. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळल्याचं मला दिसलं. पण त्यांनी माझ्या वाटीत आणखी एक डाव वाढला.