हिरवा स्वेटर

आमच्या दर्पण कॉलनीत कुणी शेकोटी पेटवली, की त्या धुराच्या वासाने मला एक हिरवा स्वेटर आठवतो.

तेव्हा मी दुर्गम जंगलांवर माहितीपट करायचो. श्योपूरच्या रानातल्या एका सहरिया आदिवासींच्या वस्तीत, थंडीतल्या सकाळी, एक आजोबा शेकोटीशी बसले होते. अंगात स्वेटर. "हमाई मोड़ी ने बुनो है," लेकीने विणल्याचं त्यांनी कौतुकाने सांगितलं. मला मात्र जगापासून तुटलेला आदिवासी हवा होता.

"दादा, स्वेटर उतार दीजिए," मी म्हणालो.

त्यांनी निमूटपणे तो काढला, नीट घडी घालून माझ्या हातात दिला. तीनदा शॉट घेतला. गारठा एवढा होता, की मधेच मी तोच स्वेटर स्वतःच्या खांद्यांवर टाकला. त्याला लाकडाच्या धुराचा वास येत होता.

काल माझ्या मुलीने तो माहितीपट फोनवर लावला. त्यात माझाच आवाज सांगत होता, "इन लोगों को ठंड नहीं लगती."

"बाबा, मग यांचे हात का काँप रहे हैं?" तिने विचारलं.

"वय झालं होतं गं त्यांचं," मी म्हणालो.